अर्ध्या दिवसाचा दर्या

मुळशी तालुक्यातील उरवडे हे आमचे गाव. पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट लागते. तेथून आत वळले की डोंगरांच्या कुशीत भाताची खाचरे दिसू लागतात. पावसाळ्यात आमच्याकडे पाण्याला तोटा नसतो. ओढे भरून वाहतात, खाचरे तुडुंब होतात. मात्र हे सारे पाणी समुद्राकडे पाठ करून वाहते. अरबी समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी आमच्या ओढ्यांचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते, भीमेतून कृष्णेला जाते आणि सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते.

याला एक मोठा अपवाद आहे. तो म्हणजे मुळशी धरण. टाटा कंपनीने हे धरण बांधायला घेतले, तेव्हा शेतकऱ्यांच्या जमिनी वाचवण्यासाठी १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरीही धरण झाले आणि अनेक गावे पाण्याखाली गेली. १९२७ पासून हे पाणी डोंगरातून खाली कोकणात भिरा येथे उतरवून त्यावर वीज निर्माण केली जाऊ लागली. तेच पाणी पुढे कुंडलिका नदीतून वाहत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. असे आमच्या मुळशीचे पाणी घाट उतरून दर्याला भेटले. पण आम्ही माणसे मात्र डोंगरातच राहिलो. आमच्यापैकी अनेकांनी समुद्र पाहिला होता तो फक्त किनाऱ्यावर उभे राहून.

म्हणून शेजारच्या चाचांनी जेव्हा विचारले, "मुरूडकडे येता का? अर्धा दिवस होडीतून मासे धरायला जाऊ," तेव्हा नाही म्हणणे कोणाला जमलेच नाही. चाचांचे पिरंगुटला सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांची मुलगी मुरूड तालुक्यात राजपुरीजवळ दिली आहे. तिच्या सासरच्या ओळखीचे एक तांडेल आपल्या होडीतून आम्हांला नेणार होते. तांडेल म्हणजे होडी चालवणारा प्रमुख. खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा असे ठरले. आम्ही सहा जण निघालो: चाचा, पुण्याच्या एका उर्दू शाळेत आठवीत शिकणारा त्यांचा नातू, भातशेती करणारे माझे थोरले बंधू, पिरंगुटच्या कारखान्यात काम करणारे दोन शेजारी आणि मी. चाचांच्या नातवाला घरी सगळे मुन्ना म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो.

दिवस आम्ही निवडला नाही, तो तांडेलांनी निवडला. फोनवर ते म्हणाले, "रविवारचे मला सांगू नका. शुद्ध अष्टमीला या. त्या दिवशी पाणी शांत असते."

जानेवारी महिना होता. आम्ही आदल्या दिवशी दुपारी निघालो. मुळशीचा जलाशय मागे टाकून ताम्हिणी घाट उतरलो आणि माणगाव, इंदापूर, तळा असे करत संध्याकाळी राजपुरीला पोहोचलो. घाट उतरताना हवा बदलली. आमच्याकडची कोरडी थंडी वरच राहिली आणि खाली दमट, खारा वास येऊ लागला.

रात्री जेवणानंतर तांडेल आम्हांला भेटायला आले. वय साठीच्या आसपास, अंगाने सडपातळ, बोलणे मोजके. आम्ही त्यांना तांडेलकाका म्हणू लागलो. मुन्नाने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, अष्टमीलाच का?"

काकांनी त्याला एक हिशेब शिकवला. कोकणात तो पुष्कळांना तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. जो आकडा येईल, त्या सुमारास भरती पूर्ण भरते. अष्टमीचे आठ. आठ त्रिक चोवीस. चोवीस भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होणार, मग ओहोटी लागणार आणि दुपारी बाराच्या सुमारास पाणी पुन्हा चढू लागणार. अमावस्येला आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येते, पाणी फार चढते आणि फार उतरते. प्रवाहाला ओढही मोठी असते. अष्टमीला मात्र ही ओढ कमी असते. त्याला भांगाची भरती म्हणतात. गळ टाकून मासे धरणाऱ्याला असेच पाणी सोयीचे.

"ओहोटीबरोबर जायचे, भरतीबरोबर यायचे," काका म्हणाले. "होडीलाही त्रास नाही, माणसालाही नाही."

चाचांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "आमच्या हिशेबाने उद्या चांदची सात तारीख."

"बरोबर," काका हसून म्हणाले. "तुमचा आणि आमचा एखाद्या दिवसाचा फरक पडतो. चंद्र एकच आहे ना! भरतीला दुसरे पंचांग ठाऊक नाही."

पहाटे साडेपाचला आम्ही धक्क्यावर पोहोचलो. आकाशात चंद्र नव्हता. चांदण्या मात्र दाट होत्या. काकांनी आधी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट दिले आणि त्याचे बंद स्वतः ओढून पाहिले. आमच्या एका शेजाऱ्याने जाकीट नुसतेच खांद्यावर टाकले होते. काकांनी इंजिन सुरू केले नाही. ते शांतपणे त्याच्याकडे पाहत उभे राहिले. त्याने बंद बांधले, तेव्हाच होडी हलली.

होडी लहानच होती. डिझेलवर चालणारे इंजिन, मागे सुकाणू, मध्ये मासे ठेवायची पेटी आणि पुढे दोरीला बांधलेला लोखंडी नांगर. मुन्ना त्या नांगराकडे पाहत राहिला. त्याने माझ्या बंधूंना विचारले, "दादा, तुमच्या शेतात नांगर असतो ना? मग हा होडीत कशाला?"

सगळे हसले, पण प्रश्न चांगला होता. मराठीत जमीन नांगरण्याचे अवजारही नांगर आणि होडी एका जागी धरून ठेवणारे लोखंडही नांगर. चाचा म्हणाले, "उर्दूत याला लंगर म्हणतात." मग दर्यावरच्या शब्दांची जणू पेटीच उघडली. आपण होडीच्या मालकाला नाखवा म्हणतो, उर्दूत नाख़ुदा. आपला खलाशी, तिकडे ख़लासी. आपले सुकाणू अरबीतल्या सुक्कानचे नातेवाईक. बंदर आणि किनारा हे शब्द तर दोन्हीकडे तसेच. दर्या शब्दाची मात्र गंमत आहे. उर्दूत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र. मुन्ना म्हणाला, "म्हणजे मराठीत येताना नदी मोठी झाली!"

इतक्यात समोर काळोखात एक भलीमोठी काळी आकृती दिसू लागली. तो जंजिरा होता. जंजिरा हा शब्दही अरबीतल्या जज़ीरा या शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ बेट. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला शतकानुशतके राखला. चहूकडे खारे पाणी, तरी किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. आम्ही तटाला वळसा घालून पुढे गेलो. उजाडू लागले तेव्हा वायव्येला दुसरा किल्ला दिसला, पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधवला. महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते, तसे दौलतखानही होते. १६७९ साली खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी झालेल्या झुंजीत या दोघांनीही पराक्रम केला. समुद्रावर माणसाची पारख त्याच्या कामावरून होते, ही गोष्ट जुनीच आहे.

पहाटेचा वारा आमच्या पाठीवर होता. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उशिरा. म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. तो मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. परीक्षेसाठी मी हे अनेकदा पाठ केले होते. पण शिडाच्या होड्यांच्या काळात कोळ्यांचा सारा दिवस याच दोन वाऱ्यांवर बेतलेला असे, हे मला काकांकडून कळले. पहाटे मतलई वारा होडीला बाहेर नेई आणि दुपारी खारा वारा तिला घरी आणी. अर्धा दिवस ही काही आमच्यासाठी काढलेली सवलत नव्हती. वाऱ्यानेच दिवसाचे असे दोन भाग करून ठेवले होते.

पद्मदुर्ग बराच मागे पडल्यावर काकांनी इंजिन मंद केले. त्यांनी किल्ल्याच्या बुरुजाकडे पाहिले, मग किनाऱ्यावरच्या एका डोंगराच्या टोकाकडे पाहिले. ही दोन्ही टोके एका रेषेत येईपर्यंत ते होडी हळूहळू सरकवत राहिले. मग त्यांनी नांगर सोडला. दोरी सरसर खाली गेली. "सात वाव," ते म्हणाले. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, सुमारे सहा फूट. आमच्याखाली बेचाळीस फूट पाणी होते. तळाशी खडक होता आणि खडकाच्या आसपास मासे चरायला येतात, असे काकांनी सांगितले.

आमच्याकडे काठ्या नव्हत्या. प्रत्येकाच्या हातात नुसती दोरी, तिच्या टोकाला शिसे, त्याच्यावर गळ आणि गळाला कोळंबीचा तुकडा. दोरी तर्जनीवरून सोडायची. शिसे तळाला टेकले की दोरी सैल पडते. मग ती हातभर वर घ्यायची आणि थांबायचे. डोळ्यांना काहीच दिसत नाही. जे कळायचे ते बोटाला कळते. प्रवाहाची ओढ वेगळी, खडकाला घासण्याची खरखर वेगळी आणि मासा आमिषाला तोंड लावतो तो झटका अगदी वेगळा.

पहिला अर्धा तास कोणालाच काही लागले नाही. कारखान्यातले आमचे शेजारी चुळबुळ करू लागले. त्यांच्या यंत्रावर मिनिटाला किती नग निघाले पाहिजेत हे ठरलेले असते. दादा मात्र निवांत बसले होते. पेरल्यावर वाट पाहण्याची त्यांना सवय होती.

मग चाचांच्या दोरीला झटका बसला. वर आला शिंगाळा. काका एकदम म्हणाले, "हात लावू नका!" शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांच्या बाजूंना टोकदार काटे असतात. ते बोचले तर हात ठणकतो. काकांनी फडक्याने मासा धरला आणि गळ सोडवला. थोड्या वेळाने दादांना ढोमा मिळाला. होडीत पडताच तो टर्र टर्र असा आवाज करू लागला. मासे मुके असतात अशी आमची समजूत. हा तर बडबड्या निघाला. त्यानंतर आणखी दोन ढोमे आले.

मुन्नाच्या दोरीला मात्र काही लागत नव्हते. त्याने दोनदा आमिष बदलले, एकदा जागा बदलली. कोणी काही बोलले नाही, तरी त्याचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी एकदाचा झटका बसला. तो उभाच राहिला. काका म्हणाले, "खाली बस. घाई करू नको. हाताखाली हात घेत ओढ." त्याने ओढली. पाण्यात काहीतरी चमकले आणि एक वीतभर लांबीचा रुपेरी मासा वर आला. अंगावर काळसर ठिपके होते. मुन्नाच्या तोंडून शब्द फुटेना. त्याच्या आयुष्यातला तो पहिला मासा होता.

काकांनी आधी आपले हात समुद्राच्या पाण्यात भिजवले आणि मग मासा हातात घेतला. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडला तरी तो जगत नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी मासा नीट पाहिला.

"हे घोळीचे पिल्लू आहे," ते म्हणाले.

घोळ हा आपल्या किनाऱ्यावरचा फार मोलाचा मासा. पूर्ण वाढलेली घोळ माणसाच्या हातापेक्षा लांब होते. तिच्या पोटातील हवेच्या पिशवीला परदेशात मोठी मागणी असते. मोठ्या घोळी जाळ्यात सापडल्या, तर कोळ्याच्या घरातले कर्ज फिटू शकते. पण मुन्नाच्या हाती आलेली घोळ अजून लहान होती. तिने एकदाही अंडी घातली नव्हती.

"बाळा, मासा तुझा आहे," काका म्हणाले. "पण माझ्या होडीत एवढी घोळ मी ठेवत नाही. तूच तिला पाण्यात सोड."

मुन्नाचे डोळे भरून आले. त्याने आजोबांकडे पाहिले. चाचा काही बोलले नाहीत. एका शेजाऱ्याने मुलाची बाजू घेतली. "एका माशाने काय होते, काका? पोराचा पहिलाच मासा आहे. तुम्ही सोडाल आणि उद्या दुसरा कोणी तरी धरेलच की."

हा प्रश्न खोटा नव्हता. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या लहानपणाची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील याच खडकाजवळ शिडाच्या होडीने येत आणि दुपारपर्यंत टोपली भरून परतत. आता तेवढ्याच मासळीसाठी किती तरी दूर जावे लागते. इंजिने मोठी झाली, जाळी मोठी झाली, पण जाळ्याची भोके मात्र बारीक झाली. त्यातून पिल्लेही सुटत नाहीत. चंदेरी पापलेट इतके कमी होत गेले की, त्याच्या रक्षणाकडे लक्ष वेधावे म्हणून २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्य मासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी, अमुक लांबीपेक्षा लहान मासा पकडू नये, असा नियमही झाला.

"नियम कागदावर असतो," काका म्हणाले. "समुद्रावर पाहायला कोण येणार? येथे मीच आहे आणि मासा आहे. दुसरा कोणी धरेल, हे खरे. पण मग ते त्याने धरलेले असेल, मी नव्हे."

तेव्हा आमचे दादा बोलले. ते एरवी फार बोलत नाहीत. ते मुन्नाला म्हणाले, "आमच्या घरी भाताची एक कणगी वेगळी असते. त्यात पुढच्या वर्षीचे बियाणे असते. माझ्या आजोबांच्या वेळी एकदा मोठी टंचाई आली. घरात खायला धान्य उरले नव्हते. आजी नाचणीची पेज आणि रानातली भाजी शिजवायची, पण त्या कणगीला कोणी हात लावला नाही. बियाणे खाल्ले तर एका दिवसाची भूक भागते आणि वर्षाची भूक उभी राहते. ही तुझी घोळ म्हणजे दर्याचे बियाणे आहे."

मुन्नाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्याने हात पाण्यात भिजवले, काकांकडून मासा घेतला आणि होडीच्या कडेवरून वाकून अलगद पाण्यात धरला. क्षणभर मासा हलला नाही. मग शेपटी एकदा फटकारून तो खाली गेला. मुन्ना बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. त्या वेळी त्याचे कौतुक करावे असे मला वाटले. पण मी गप्प राहिलो. गमावलेली वस्तू किती मोठी होती, हे त्याचे त्यालाच ठाऊक होते.

यानंतर जणू समुद्र प्रसन्न झाला. साडेनऊच्या सुमारास मासे भराभर लागू लागले. दोन शिंगाळे, मग ओळीने चार ढोमे. कोणाची दोरी रिकामी येईना. सर्वांच्या अंगात उत्साह संचारला. एवढ्यात काकांनी आपली दोरी गुंडाळायला घेतली.

"दोऱ्या वर घ्या," ते म्हणाले. "परत निघायचे."

आम्ही चकित झालो. आकाश निळे होते, ऊन छान पडले होते. ठरल्याप्रमाणे अजून दीड-दोन तास हातात होते. शेजारी म्हणाले, "काका, आता तर मासे लागायला लागले! निदान अर्धा तास थांबा."

काकांनी वायव्येकडे बोट दाखवले. दूर पाण्यावर एक गडद रेघ दिसत होती. आमच्या डोळ्यांना तो ढगाच्या सावलीसारखा काहीतरी प्रकार वाटला. पण आकाशात ढग नव्हता. काका म्हणाले, "तो वारा आहे. आज लवकर निघाला. मासा उद्याही येथे असेल. होडीला मात्र आजच घरी जायचे आहे."

ते आमच्याशी वाद घालत बसले नाहीत. ते नांगर ओढू लागले. दादा उठून त्यांच्या मदतीला गेले. शेतातला नांगर धरणारे हात दर्याचा नांगर वर घेत होते. आम्ही उरलेल्यांनी मुकाट्याने दोऱ्या गुंडाळल्या.

वीस मिनिटांत काकांचे म्हणणे खरे ठरले. ती रेघ आमच्यापर्यंत आली आणि समुद्राचा रंगच बदलला. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस फुटू लागला. होडी वर चढे आणि धपकन खाली आदळे. पाण्याचे सपकारे तोंडावर बसत होते. चाचांना मळमळू लागले. ते डोळे मिटून मनातल्या मनात दुआ म्हणत होते. आमचे शेजारी होडीची कड घट्ट धरून बसले. जाकिटाचा बंद त्यांनी दोनदा चाचपून पाहिला. लाट आडवी येत आहे असे दिसले की, काका इंजिन मंद करत, होडीचे तोंड तिरके वळवत आणि ती लाट गेली की पुन्हा वेग घेत. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, बेफिकिरीही नव्हती. शाळेत अवघड गणित सोडवणारा हुशार मुलगा जसा दिसतो, तसे ते दिसत होते.

जंजिऱ्याच्या आडोशाला आल्यावर लाटा कमी झाल्या. तेव्हा काका प्रथमच बोलले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले होते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. आमच्या मुळशी-मावळातही तेच वादळ घाट चढून आले होते. पत्रे उडाले होते, झाडे पडली होती. ती आठवण आम्हांला होतीच. काका म्हणाले, "वादळाची सूचना आधी मिळाली होती. आम्ही होड्या खाडीत आत नेऊन बांधल्या. घराचे छप्पर गेले ते पुन्हा घातले. होडी गेली असती तर पुन्हा उभे राहणे कठीण झाले असते. आणि माणूस गेला असता तर?" पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा अकरा वाजायचे होते. धक्क्यावर काही बायका उभ्या होत्या. त्यांत काकांच्या पत्नीही होत्या. आमच्या पेटीत किती मासे आहेत, हे त्यांनी विचारले नाही. त्यांची नजर आमच्यावरून फिरली. काकांसह आम्ही सात जण होतो. सात मोजून झाल्यावर त्या वळून घरी निघाल्या. मागून एकेक करून इतर होड्याही येऊ लागल्या. प्रत्येक होडी दिसली की धक्क्यावरची एखादी बाई मान उंच करी, मोजी आणि निघून जाई. तेथे मासळीचा हिशेब नंतर होतो, आधी माणसांचा होतो.

मग काकांनी पेटी उघडली. दहा मासे होते. त्यांनी त्यांचे वाटे घातले. प्रत्येक माणसाचा एक वाटा आणि होडीचा एक वाटा. होडीलाही वाटा कसा, असे मुन्नाने विचारले. काका म्हणाले, "तिनेही काम केले ना!" मुन्नाच्या गळाला राहिलेले असे काहीच नव्हते, पण त्याचा वाटा इतरांइतकाच होता. तो संकोचला. काकांनी एक ढोमा त्याच्या पिशवीत टाकला आणि म्हणाले, "तुझी ठेव दर्यात आहे. व्याजासकट वाढू दे."

दुपारी चाचांच्या मुलीने त्या मासळीचे कालवण केले. तांदळाच्या भाकरीबरोबर आम्ही ते पोटभर जेवलो आणि संध्याकाळी घाट चढून परत आलो.

आम्हांला दर्या अर्ध्या दिवसापुरताच मिळाला होता आणि त्यातलेही एक-दीड तास वाऱ्याने कापून घेतले. तरी मला ते अपुरे वाटले नाही. काकांचे सारे जगणेच मापात बसलेले होते. भरती-ओहोटीने वेळेचे माप दिले होते, वाऱ्याने अंतराचे आणि माशाच्या लांबीने हावेचे. ती मापे त्यांनी ओझे म्हणून नव्हे, तर शहाणपण म्हणून स्वीकारली होती. जेथे कोणी पाहत नाही, तेथेही ती ढळली नाहीत.

पुढे जून उजाडला. मोसमी वारे आले. आमच्याकडे भाताची रोपे टाकायची वेळ झाली. दादांनी बियाण्याची कणगी उघडली आणि शेताकडे जाता जाता सहज म्हणाले, "काकांची होडी आता किनाऱ्यावर ओढलेली असेल." ते खरेच होते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. कारण पुष्कळ मासे या काळात अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. तोच पाऊस, तेच वारे. एक नांगर आमच्या खाचरात उतरत होता आणि दुसरा राजपुरीच्या किनाऱ्यावर विसावला होता. दोन्हीकडे बियाणे रुजायला वेळ दिला जात होता.